सोलिंड्राची नळी, टेस्लाचं कर्ज

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. सोलिंड्रा कंपनीचं सौर पॅनेल सपाट नव्हतं. ट्यूबलाइटसारख्या काचेच्या नळ्या ओळीने मांडलेल्या. आतल्या नळीवर तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियमचा पातळ थर. गोल आकारामुळे सूर्य कुठेही असो, काही भाग उन्हासमोर यायचाच. पांढऱ्या गच्चीवरून परावर्तित झालेला प्रकाशही खालून पकडला जायचा. कल्पना झकास होती. शिवाय सिलिकॉनची गरज नाही, आणि 2008 मध्ये शुद्ध सिलिकॉन किलोला 400 डॉलरच्या वर गेलेलं!

ओबामा सरकारने 53.5 कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. मग सिलिकॉनचे भाव कोसळले, चिनी पॅनेल स्वस्त झाली आणि सप्टेंबर 2011 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. रिपब्लिकनांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. सरकारने धंद्यातले विजेते निवडू नयेत, हा त्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. पण कर्जहमीचा कायदा 2005 चा, म्हणजे रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांच्या काळातला, हे सोयीस्करपणे विसरलं गेलं.

2012 च्या अध्यक्षीय वादचर्चेत रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांनी सोलिंड्राच्या पंक्तीत टेस्लालाही बसवलं. टेस्लाने ऊर्जा खात्याच्या दुसऱ्या योजनेतून 46.5 कोटी डॉलर घेतले होते. ते तिने 2013 मध्येच, मुदतीच्या नऊ वर्षं आधी, फेडले. डेमोक्रॅट खूश! मात्र या लवकर परतफेडीमुळे सुमारे 30 लाख शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा सरकारचा हक्क संपला. बुडीत सगळं जनतेच्या माथी, तेजीत फक्त व्याज: माझ्या मते भांडायला हवं होतं ते या कलमावर.