“आता काय, सवय झाली असेल त्याला!”

“ग्रोमेटच तर घालायचंय, दहा-पंधरा मिनिटांचं काम,” असं कान-नाक-घशाचे डॉक्टर सांगतात, आणि ते खरंच असतं. कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साचून राहतो, मुलाला कमी ऐकू येतं, बोलणं मागे पडतं. मग पडद्याला बारीकसा छेद देऊन तो द्रव काढतात आणि छिद्र बुजू नये म्हणून तिथे एक इवलीशी नळी बसवतात. ती साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप पडून जाते. बऱ्याच मुलांचं तेवढ्यावर भागतं. काहींच्या कानात पुन्हा द्रव साचतो, पुन्हा नळी घालावी लागते. जन्मतः टाळू दुभंगलेल्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं, आणि त्यांची ओठाची-टाळूची ऑपरेशनं वेगळीच. म्हणजे शाळेत जायच्या आत तीन-चार वेळा ओटीचं दार बघून आलेली मुलं असतात.

तुमचं मूल त्यांच्यातलं असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कुणीतरी मावशी-काकांनी तुम्हाला हे वाक्य ऐकवलं असणारच: “आता काय, सवय झाली असेल त्याला!” माझं पीएचडीचं काम मुलांच्या वेदना आणि त्यांच्या आठवणी यांवर चालू आहे, त्यामुळे मी ते सारखं ऐकते. म्हणून आज त्याबद्दलच.

ऑपरेशन ‘छोटं’ आहे हे सर्जनच्या बाजूने बघितल्यावर ठरतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघा: सकाळी उठल्यावर दूध नाही, अंगात कुणाचा तरी ढगळ झगा, तोंडं झाकलेली अनोळखी माणसं, आणि आईच्या कडेवरून उचलून नेऊन नाकावर वासाचा मास्क. टाके एक असोत की वीस, हे सगळं तेवढंच असतं. झीव केन हे भूलतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९९६ साली १६३ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी गेल्यावर दोन आठवड्यांनीही निम्म्याहून जास्त मुलांच्या (५४ टक्के) वागण्यात फरक दिसत होता: रात्री दचकून उठणं, आईला सोडायला तयार नसणं, जेवणाची कटकट. सहा महिन्यांनी हे प्रमाण २० टक्क्यांवर आलं. म्हणजे बहुतेकांचं निवळतं, पण सगळ्यांचं नाही. ऑपरेशनच्या वेळी कोणती मुलं जास्त घाबरतात, हेही त्यांनी पाहिलं. लाजऱ्या स्वभावाची, ज्यांचे आईबाबा स्वतः घाबरलेले आहेत अशी, आणि ज्यांचा दवाखान्याचा आधीचा अनुभव वाईट आहे अशी.

हा शेवटचा मुद्दा आपल्या कामाचा. मुलाला सवय होत नाही, त्याला आधीची खेप आठवते. आणि आठवण काही व्हिडिओसारखी साठवलेली नसते. लहान मूल झालेली गोष्ट पुन्हा जुळवतं, ते मुख्यतः घरातल्या बोलण्यातून. “किती रडलास रे त्या दिवशी, चार जणांनी धरलं होतं!” हा किस्सा आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांना सांगून झाला, की मुलाच्या डोक्यात त्या दिवसाचं तेवढंच उरतं. कॅनडात कॅलगरीला मेलनी नोएल यांचा गट नेमकं यावर काम करतो. टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या मुलांच्या आईबाबांना त्यांनी थोडक्यात शिकवलं, की त्या दिवसाबद्दल मुलाशी कसं बोलायचं. जे बरं घडलं ते आधी काढायचं, दुखण्यावर घोळत बसायचं नाही, मूल काही अतिशयोक्त सांगत असेल तर हळूच दुरुस्त करायचं, आणि त्याने स्वतः काय केलं ते त्याला सांगायचं. काही आठवड्यांनी विचारलं, तेव्हा या मुलांच्या आठवणी इतर मुलांच्या तुलनेत कमी भयंकर निघाल्या.

इथे खोटं बोलायला सांगितलेलं नाही, हे लक्षात घ्या. “दुखलंच नव्हतं” म्हणायचं नाही. “दुखलं होतं, मग तू जोरात फुंकर मारलीस, मग आइस्क्रीम खाल्लंस” असं म्हणायचं. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. (“बागेत जायचंय” सांगून दवाखान्यात नेण्याची आपल्याकडची पद्धत मात्र कृपा करून बंद करा. पुढच्या वेळी मूल बागेत जायलाही नाही म्हणतं.)

आता प्रत्यक्ष दिवसाबद्दल. आपण सगळे काय म्हणतो? “काही नाही होणार, घाबरू नकोस.” गंमत म्हणजे अशा धीराच्या वाक्यांबरोबर मुलांचा त्रास वाढलेला दिसतो, हे १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पुन्हापुन्हा समोर आलंय. तुम्ही म्हणाल, मूल घाबरलेलं असतं म्हणूनच तर धीर देतो! बरोबर शंका आहे. म्हणून लस देताना प्रयोग करून पाहिला गेला: काही पालकांना धीर द्यायला सांगितलं, काहींना लक्ष दुसरीकडे वळवायला. लक्ष वळवलेल्या मुलांना त्रास कमी झाला. मुलाला शब्दांपेक्षा सूर आधी कळतो, आणि आई काही कारण नसताना “घाबरू नकोस” म्हणत नाही, हेही त्याला कळतं. त्यापेक्षा फोनवरचं गाणं, बोटांनी गाडी चालवणं, “मास्कमध्ये फुगा फुगव बघू” हे बरं.

मास्क लावताना आत यायला मिळालं तर? नुसत्या तिथे असण्याने मुलाची भीती कमी होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काय करायचं हे आधी शिकवलेलं असेल, तर मात्र फरक पडतो. केन यांच्याच २००७ च्या, ४०८ मुलांच्या अभ्यासात अशी तयारी करून आलेल्या कुटुंबांतली मुलं कमी घाबरली आणि त्यांना नंतर वेदनाशामकही कमी लागलं. तेव्हा आत येऊ देत नसतील, तर स्वतःला अपराधी वाटून घेऊ नका.

आणि रात्री झोप उडवणारा प्रश्न: पुन्हापुन्हा भूल दिल्याने मेंदूवर काही परिणाम? अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा लांब किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल इशारा दिला. एकदा दिलेल्या छोट्या भुलीबद्दल मात्र २०१९ चा ७२२ बाळांचा अभ्यास दिलासा देतो. पाचव्या वर्षी बुद्ध्यंकात फरक नव्हता. वारंवार भूल मिळालेल्यांचं चित्र थोडं धूसर आहे. मेयो क्लिनिकच्या २०१८ च्या अभ्यासात त्यांचाही बुद्ध्यंक सारखाच होता, पण बोटांची बारीक कामं आणि विचाराचा वेग यांत किंचित घट दिसली. हे भुलीमुळे की ज्या आजारामुळे ऑपरेशनं झाली त्यामुळे, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या बाजूला, महिनोन्महिने कमी ऐकू येणं हेही बोलायला शिकणाऱ्या मुलाला महागात पडतं.

त्यामुळे भुलीच्या धास्तीने तारीख पुढे ढकलण्याआधी सर्जनला एक विचारा: ॲडेनॉइडचं किंवा टाळूचं ऑपरेशन नाहीतरी ठरलेलं असेल, तर ग्रोमेट त्याच भुलीत बसवता येईल का? पुष्कळदा येतं.