गाडी बंद पडली? नवी बॅटरी घेण्याआधी हे तपासा

मोटारसायकल हा काही शेतीचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण चामोर्शीहून युरियाचे पोते आणायचे असो की रात्री पंप सुरू करायला बांधीवर जायचे असो, सारी भिस्त आता गाडीवरच. घोटकडच्या जंगलरस्त्यावर तिन्हीसांजेला लाइट गेला, तर रानडुक्कर चाकाखाली येईपर्यंत दिसत नाही.

गाडी बंद पडली की "बॅटरी गेली" म्हणून लगेच नवी आणू नका. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, तिची तार तेवढी सैल झालेली असते.

किल्ली फिरवून हॉर्न दाबा. खणखणीत वाजला तर बॅटरीत जीव आहे. आवाज बसका, आणि सेल्फ दाबल्यावर नुसते टक् टक् होते, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. हॉर्न नाही, इंडिकेटर नाही, काहीच नाही, तर आधी फ्यूज बघा. बहुतेक गाड्यांत तो बॅटरीजवळच असतो. आतली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. काही जण तिथे तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. हे मुळीच करू नका. मग शॉर्ट झाल्यावर फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि पेट्रोलची टाकी तिच्या अगदी जवळ असते.

नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी उघडी तार लोखंडाला लागते आहे. हँडल वळते तिथे आणि सीटखाली पाहा. गाडी तणसाच्या ढिगाजवळ ठेवत असाल, तर उंदराने तार कुरतडली असण्याचा संभव मोठा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर किल्ली बंद करून आधी उणे (−) तार सोडवा, मग अधिक (+). कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. कोरडे करून आधी अधिक, मग उणे तार घट्ट बसवा. वर थोडे व्हॅसलिन लावा. बॅटरीजवळ बिडी नको. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवा.

एवढे करूनही बॅटरी रोज उतरते? मग दोष चार्जिंगचा असू शकतो. मिस्त्रीकडून मीटर लावून घ्या. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते. गाडी चालू करून थोडी रेस दिली की आकडा १३.५ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. चढत नसेल तर रेग्युलेटर किंवा कॉइल तपासावी लागेल. नवी बॅटरीही चार दिवसांत उतरेल. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला समजा. बल्ब वारंवार उडतात ते यामुळेही.

जुन्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटचा करंट थेट इंजिनच्या कॉइलवरून येतो. रेस कमी केली की उजेड मंद होणे हा तिथे दोष नव्हे. त्यासाठी पैसे खर्चू नका.

रोवणीचा चिखल धुताना पंपाचा पाइप हेडलाइट, स्विच आणि प्लगच्या टोपणावर धरू नका. नाल्यातून गेल्यावर गाडी बंद पडली तर टोपण काढून कोरडे पुसा.

एप्रिल २०२० पासून आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांचे वेगळे आहे. त्यातल्या बहुतेकांना बॅटरी पार उतरल्यावर किकही उपयोगी पडत नाही. अशा वेळी चालू ट्रॅक्टरच्या बॅटरीला तारा जोडून गाडी सुरू करू नका, आतला कंट्रोल युनिट जळू शकतो. बॅटरी काढून दुकानात चार्ज करून आणा.