पासोडी ते फ्लॅश : पुसण्याचे शास्त्र

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई ही आद्यकवी मुकुंदराजांची आणि दासोपंतांची भूमी. दासोपंतांचा (1551–1615) ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो. पण त्यांची पासोडी हे त्याहून आगळे प्रकरण. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले, आणि ते कापड अंबाजोगाईत जपले गेले. कापडावर लिहिणाऱ्याची एक अडचण असते. धूळपाटीवरचे अक्षर बोटाने पुसून तिथेच दुसरे काढता येते. कापडावरची शाई अशी निघत नाही. एक ओवी घालवायची तर कापडच धुवावे लागते. त्यात शेजारच्या ओव्याही जातात आणि प्रत्येक धुण्याला वीण विरत जाते.

आज ज्या लॅपटॉपवर आपण लेख टंकतो, त्यातली एसएसडी म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह स्वभावाने या कापडाच्या जातीची आहे. जुनी चुंबकीय हार्ड डिस्क ही धूळपाटी होती. जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर गिरवता येई. एसएसडीतील फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात घडवली. तिच्यात अक्षरे विद्युतभाराच्या रूपाने अतिसूक्ष्म पेशींत कोंडलेली असतात. लिहिताना ती काही किलोबाइटांच्या ‘पाना’वर लिहिते, पुसताना मात्र एकटे पान पुसता येत नाही, शेकडो पानांचा अख्खा ‘ब्लॉक’ एकदम पुसावा लागतो. आणि हे पुसणे मोजके असते. एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या आजच्या सर्वसाधारण प्रकारात ते हजार ते तीन हजार वेळांच्या घरात जाते. नंतर वीण विरते.

म्हणून एसएसडीतला नियंत्रक काटकसरीने वागतो. दुरुस्त केलेला मजकूर तो नव्या, कोऱ्या पानावर लिहितो आणि जुने पान बाद ठरवतो. एखाद्या ब्लॉकमध्ये बाद पाने साचली की उरलेली जिवंत पाने दुसरीकडे उतरवून घेतो आणि मग तो ब्लॉक धुतो.

घोळ होतो तो फाइल ‘डिलीट’ केल्यावर. डिलीट करणे म्हणजे ग्रंथाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव खोडणे. पाने जागच्या जागी राहतात. अनुक्रमणिका संगणकाच्या कार्यप्रणालीकडे असते आणि पाने एसएसडीकडे. नाव खोडल्याचे एसएसडीला कोणी कळवतच नाही. ती बिचारी मेलेली पाने जिवंत समजून पुन्हा पुन्हा उतरवत बसते. लेखन मंदावते, झीज वाढते. हा निरोप पोचवणारी आज्ञा म्हणजे ‘ट्रिम’ : अमुक पाने आता कोणाच्या कामाची नाहीत, सवडीने धुवा.

लिनक्समध्ये हा निरोप दोन प्रकारे देता येतो. पहिला ‘डिस्कार्ड’ या पर्यायाचा : फाइल पुसली की लगेच निरोप. दुसरा ‘एफस्ट्रिम’ या आज्ञेचा : ठरावीक काळाने साऱ्या रिकाम्या जागेची यादी एकदम द्यायची. आठवडी बाजारात कांद्याचे टरफल पडले की कोणी झाडू घेऊन मागे धावत नाही. बाजार उठला की मैदान एकदा झाडतात. घरगुती संगणकाला हाच प्रकार सोयीचा, कारण सतत निरोप देण्यात काही ड्राइव्ह अडखळतात.

या झाडलोटीचा वार ‘एफस्ट्रिम डॉट टायमर’ सांभाळतो. उबुंटू आणि फेडोरा यांत तो आपोआप चालू असतो; इतरत्र तो बंद असेल तर ‘सिस्टिमसीटीएल’ या आज्ञेने एकदाच चालू करावा लागतो. त्याची ठरलेली वेळ दर आठवड्याला, रविवार संपून सोमवार लागतानाची. त्या वेळी संगणक बंद असेल, वीज गेलेली असेल, तरी पाळी चुकत नाही. पुढे यंत्र सुरू झाल्यावर राहिलेले काम उरकले जाते. आपली ड्राइव्ह ट्रिम जाणते का, हे ‘एलएसबीएलके’ला ‘डिस्कार्ड’ची पुस्ती जोडून पाहता येते, त्या रकान्यांत शून्य दिसले तर निरोप पोचत नाही असे समजावे. यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या पेट्यांत असे पुष्कळदा घडते. कूटबद्ध केलेल्या विभाजनावर ट्रिमला वेगळी परवानगी द्यावी लागते, कारण कोणती जागा रिकामी आहे हे त्यातून बाहेरच्याला कळू शकते.

लिहिणाऱ्यांनी मात्र या सोयीची दुसरी बाजू ध्यानात ठेवावी. हार्ड डिस्कवरून चुकून गेलेली कादंबरी जाणकार माणूस बहुधा परत काढून देई, कारण अनुक्रमणिका खोडली तरी पाने शाबूत असत. एसएसडीवर शुक्रवारी पुसलेली फाइल सोमवारच्या ट्रिमनंतर सहसा परत येत नाही. चूक लक्षात येताच यंत्र बंद करणे, एवढाच उपाय हाती उरतो. म्हणून ट्रिम चालू असलेल्या घरात दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी असलीच पाहिजे.

ती दुसरी प्रतही एसएसडीवर ठेवून कपाटात टाकली, म्हणजे निश्चिंत झालो असे नाही. विजेवाचून पेशींतला भार हळूहळू गळतो आणि उष्णतेने ही गळती वाढते. लेखनाची मर्यादा संपत आलेल्या घरगुती ड्राइव्हने वीज नसताना 30 अंश तापमानात वर्षभर मजकूर धरून ठेवावा, एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. मराठवाड्याचा वैशाख याहून कितीतरी तापतो. नव्या ड्राइव्हला पुष्कळ अधिक आयुष्य असते. तरी ती अधूनमधून जोडून, फाइली उघडून पाहाव्यात. दासोपंतांचे कापड चारशे वर्षे टिकले, त्यामागे ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी माणसे होती. ट्रिमची झाडलोट यंत्रावर सोपवता येते. प्रत सांभाळणे मात्र माणसाकडेच राहते.