पडद्यावरचा घोटाळा आणि खिडकीपुढचा ठेवीदार

मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१मध्ये निर्बंध घातले. खातेदाराला दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येईल, असा आदेश निघाला. जुलै २०२३मध्ये परवानाच रद्द झाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या या घटनेवर चित्रपट निघण्याची शक्यता जवळजवळ नाही. ती का नाही, हे पाहू लागलो की आर्थिक संकटं पडद्यावर कशी येतात तेही कळतं.

पडद्याला एक चेहरा लागतो. हर्षद मेहतावर २०२०मध्ये हंसल मेहतांची 'स्कॅम १९९२' ही मालिका आली, आणि लगेच २०२१मध्ये नावं बदलून 'द बिग बुल' हा चित्रपट. दोन्हींत चाळीतून वर चढत जाणारा माणूस आहे. प्रत्यक्षातला घोटाळा बराच रुक्ष होता. बँका एकमेकींना सरकारी रोखे थोड्या मुदतीसाठी विकत आणि परत घेत. रोखे जागचे हलत नसत, त्यांच्याऐवजी बँक रिसीट नावाचा कागद फिरे. दलाल मध्ये उभा राहिला, पैसे त्याच्या खात्यातून जाऊ लागले, आणि काही रिसिटांमागे रोखेच नव्हते. असे पोकळ कागद देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. ती पुढे अवसायनात गेली. मालिकेने रिसिटीची भानगड सोपी करून सांगितली, हे तिचं मोठंच यश. पण प्रेक्षकाच्या मनात राहतो तो हर्षदचा रुबाब. कराडच्या ठेवीदाराला प्रमुख भूमिका मिळत नाही.

ठेवीदाराला मध्यभागी आणणारा चित्रपट अमेरिकेत १९४६मध्येच झाला होता: फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ'. छोट्या गावातल्या पतसंस्थेच्या दारात गर्दी उसळते. तुमचे पैसे तिजोरीत नाहीत, ते शेजाऱ्याच्या घरात गुंतले आहेत, असं नायक समजावतो आणि मधुचंद्रासाठीचे पैसे वाटून टाकतो. पतसंस्था म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. शेवटी मात्र गावकरी पैशांचा ढीग घालतात आणि संकट टळतं. मलकापुरात असा ढीग पडला नाही. तिथे ठेव विमा महामंडळ होतं. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण असल्याने ९७ टक्क्यांहून अधिक ठेवीदार पूर्ण रकमेला पात्र ठरले. ही व्यवस्था उपकारक खरी, पण तिच्यात नाट्य कुठलं? निर्बंध आणि परवाना रद्द होणं यांच्यामध्ये दीड वर्षाहून अधिक काळ गेला, आणि वाट पाहण्याचं दृश्य दिग्दर्शक सहसा कापूनच टाकतो.

वाट पाहणं हेच कथानक होऊ शकतं, हे मराठीत सतीश मनवर यांनी 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये दाखवलं. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर किसनाची बायको धास्तावते आणि मुलाला बापाच्या पाळतीवर ठेवते. कर्जाचा आकडा सांगून जे कळलं नसतं, ते त्या पोराच्या मागे-मागे फिरण्यातून कळतं. हसूही येतं, आणि आपण कशाला हसतोय हे उमगून घशाला कोरड पडते. सावकार, बँक, पाऊस यांपैकी एकालाच खलनायक ठरवून मोकळं होण्याची सोय इथे नाही.

मलकापुरातल्या, पाच लाखांवर ठेव असलेल्या उरलेल्या थोड्यांना वरच्या रकमेसाठी अवसायकाकडे पाहावं लागतं. बँकेची येणी वसूल होतील तसं त्यांना मिळायचं.