टाके कधी काढायचे?
ऑक्टोबरच्या पावसात चेन्नईत मी स्कूटरवरून पडलो. हनुवटीला चार टाके, गुडघ्याला सहा. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी हनुवटीचे काढले. मी म्हटलं, "गुडघ्याचेही काढा ना, पुन्हा खेप नको." ते म्हणाले, "ते चौदाव्या दिवशी."

दोन्ही जखमा एकाच दिवशीच्या, मग असं का? चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, तिथली जखम लवकर भरते. टाके जास्त दिवस राहिले तर रेल्वेच्या रुळांसारखे व्रण राहतात. म्हणून चेहऱ्याला 3 ते 5 दिवस. डोक्याला, हाताला साधारण 7 ते 10. पायाला आणि सांध्यांना 10 ते 14, कारण प्रत्येक हालचालीला कातडी ताणते. घाई केली तर जखम उसवते.

आणि टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली, असं नाही. दोन आठवड्यांनी तिथे मूळच्या ताकदीचा जेमतेम दहावा हिस्सा असतो. मीही महिनाभर मांडी घालून बसलो नाही.

मधुमेह असेल तर डॉक्टर आणखी थांबायला सांगू शकतात. घरी कात्री लावू नका. लाली, सूज वाढली, पू किंवा ताप आला, तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.