डोळ्यांखालचं फिलर फुगतं तेव्हा

डोळ्यांखाली फिलर, म्हणजे खळगी भरणाऱ्या जेलचं इंजेक्शन, घेतल्यावर गाठ आली म्हणून कुणी आलं, की मी आधी तारखा विचारते. इंजेक्शन कधी घेतलं आणि सूज कधी दिसली? नाशिकमध्ये त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करताना या उत्तरातच मला पुष्कळदा अर्धं निदान मिळतं.

पहिल्या काही दिवसांतली सूज आणि काळंनिळं पडणं हे सुईचं काम. थंड शेक द्यावा, उशी थोडी उंच घ्यावी. साधारण पंधरा दिवसांत ते उतरतं. त्यानंतरही बोटाला मऊ, न दुखणारी गोळी लागत असेल, तर ते बहुधा जेलच असतं: जास्त भरलेलं, नाहीतर कातडीच्या अगदी लगत भरलेलं. घरी चोळून ते बसवायचा प्रयत्न करू नये.

पण रुग्णांना खरं चकवते ती उशिरा येणारी सूज. मध्यंतरी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. सकाळी उठलं की डोळ्यांखाली पिशव्या, दुपारपर्यंत थोड्या उतरायच्या. लोणचं-पापड झालं की दुसऱ्या दिवशी जास्त. थायरॉइड तपासून झाला, किडनीच्या चाचण्या झाल्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. दीड वर्षापूर्वी फिलर घेतल्याचं मात्र त्यांनी एकाही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. “ते तर केव्हाच विरघळलं असेल ना, मॅडम?” असं त्यांनीच मला विचारलं.

विरघळलेलं नव्हतं. हे जेल बहुतेक वेळा हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं असतं. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली ते गुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून पहिल्यांदा वेगळं केलं. आपल्या त्वचेत, सांध्यांत ते असतंच, पण शरीर ते सतत मोडून नवं बनवत राहतं. इंजेक्शनमधलं टिकावं म्हणून त्याच्या साखळ्या रसायनानं एकमेकींना बांधलेल्या असतात. पाणी मिळालं की ते सब्जाच्या बियांसारखं फुगतं. गालावर चार थेंब जास्त झाले तरी खपून जातं. डोळ्यांखालची कातडी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, खाली पातळ स्नायू, लगेच हाड. त्यात गालाच्या वरच्या कडेला एक पातळ पडदा असतो, तो पाणी खाली उतरू देत नाही. जेलनं ओढलेलं पाणी तिथेच साठतं. क्लिनिकमध्ये ‘वर्षभर टिकतं’ एवढंच सांगतात. एमआरआयमध्ये मात्र काहींच्या चेहऱ्यात हे जेल कित्येक वर्षांनीही दिसलं आहे. हे सुई टोचण्याआधी सांगितलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेच्या एफडीएनं खास डोळ्यांखालच्या खळगीसाठी फिलरला पहिली मंजुरी दिली ती २०२२ साली. त्याआधी कितीतरी वर्षं ते तिथे भरलं जातच होतं.

वरच्या थरात राहिलेलं जेल निळसर दिसतं, कारण त्यातून निळा प्रकाश जास्त विखुरतो. रुग्णाला वाटतं, काळी वर्तुळं परत आली. आणि ती आणखी फिलर घेते. याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडची बरीच काळी वर्तुळं रंगद्रव्याची असतात, डोळे चोळण्याच्या सवयीची असतात. फिलरनं फक्त खळगीची सावली भरते, रंग जात नाही.

उपाय आहे. हायलुरॉनिडेज नावाचं एन्झाइम या जेलच्या साखळ्या तोडतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भुलीच्या इंजेक्शनात डोळ्यांचे डॉक्टर तेच मिसळतात. सोनोग्राफीत बाईंच्या डोळ्यांखाली जेलचा साठा दिसला. थोडं एन्झाइम दिलं, नंतर पुन्हा एकदा दिलं, आणि पिशव्या उतरल्या. जुनी खळगीही अर्थात परत आली. ती चालेल, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. मधमाशी चावल्यावर कुणाला जोराची अ‍ॅलर्जी झाली असेल, तर या इंजेक्शनाआधी ते डॉक्टरांना जरूर सांगावं.

मात्र हे एन्झाइम हायलुरॉनिक अ‍ॅसिडच विरघळवतं. दुसरं काही भरलं असेल तर त्याचा उपयोग नाही, गाठ कापूनही काढावी लागू शकते. म्हणून फिलरच्या खोक्यातलं नाव आणि बॅच नंबर असलेलं स्टिकर मागून घ्या, फाइलला लावा. पार्लरमध्ये, कुणाच्या घरी, बिनसुईच्या ‘पेन’नं हे करून घेऊ नका, त्या पेनबद्दल एफडीएनं २०२१ मध्येच इशारा दिला आहे.

गाठ लाल, गरम आणि दुखरी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जंतुसंसर्ग असू शकतो, आणि आधी त्यावर उपचार करावे लागतात. कधी सर्दी-तापानंतर किंवा लसीनंतर शरीराची प्रतिकारशक्ती जुन्या जेलवर उठते. २०२० साली मॉडर्नाच्या करोना लसीच्या चाचणीत फिलर घेतलेल्या मोजक्या जणांचे चेहरे असे सुजले होते. ती सूज उतरली.

एका प्रसंगात मात्र सकाळची वाट पाहायची नाही. इंजेक्शन घेताना किंवा त्यानंतर काही तासांत कातडी पांढरीफटक पडली, जाळीसारखे निळसर डाग उमटले, असह्य दुखू लागलं किंवा नजर अंधुक झाली, तर जेल रक्तवाहिनीत गेलेलं असू शकतं. हे क्वचित होतं, पण त्यानं डोळा कायमचा जाऊ शकतो. ज्यांनी इंजेक्शन दिलं त्यांना त्याच मिनिटाला फोन करा, आणि ते उचलत नसतील तर डोळ्यांचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक जा. तिथे पोचताच पहिलं वाक्य हेच सांगा, की चेहऱ्यात फिलर घेतलं आहे.