दिशा डोक्यात कुठं असते?

आमच्या जानेफळसारख्या गावात पत्ता विचारला, तर उत्तर मिळतं, 'मेहकरच्या रस्त्यानं चला, निंबापासून मावळतीकडं वळा.' सांगणाऱ्याच्या डोक्यातच गावाचा नकाशा असतो. पण एखादं पोर शाळेची रोजचीच वाट चुकतं आणि आपण त्याला 'वेंधळा' म्हणून मोकळे होतो.

दिशेचं भान हे एकट्या पेशीचं काम नाही. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात, ठरावीक जागी पोचताच जाग्या होणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना उंदरांत सापडल्या. त्याचा शोधनिबंध १९७१ मध्ये आला. तोंड कुणीकडं आहे हे सांगणाऱ्या पेशी वेगळ्या. जागेची जाळीसारखी आखणी करणाऱ्या पेशी मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या चमूनं २००५ मध्ये दाखवल्या. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. उंदरांच्या पिल्लांत आधी दिशेच्या पेशी कामाला लागतात, मग जागेच्या आणि शेवटी जाळीच्या.

माणसाचं मूलही पायरीपायरीनं शिकतं. आधी 'माझ्या उजवीकडं', मग खुणा, मग साऱ्या गावाचा नकाशा. मेंदूची घडण जन्मतःच वेगळी असेल, तर एखादी पायरी कच्ची राहते. विल्यम्स सिंड्रोममध्ये सातव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसतो. असं मूल बहुधा बोलकं, माणसांत रमणारं असतं. पण ठोकळ्यांची नक्षी जुळवताना अडतं आणि जवळची वाट त्याला चटकन उमगत नाही. डाउन सिंड्रोममध्ये हिप्पोकॅम्पसची वाढ कमी असते. स्वमग्न मुलांना मात्र एकच नियम लागू होत नाही. एखाद्याला बसचे सगळे मार्ग पाठ असतात, तर दुसऱ्याला नेहमीचा रस्ता बंद झाला की पुढं काही सुचत नाही.

पण नकाशा जमला नाही, तरी वाट जमते. विल्यम्स आणि डाउन सिंड्रोमची अनेक मुलं ठरलेला रस्ता सरावानं शिकतात. त्यासाठी रोज एकच वाट घ्यावी. न हलणाऱ्या खुणा निवडाव्यात: पाण्याची टाकी, मशिदीचा मिनार, देवळाचा कळस. हातगाडी नको, ती उद्या दुसरीकडं असेल. प्रत्येक वळणावर खूण मुलाकडून वदवून घ्यावी. परतीची वाट वेगळी शिकवावी, कारण उलट दिशेनं तोच रस्ता नवा दिसतो. आधी हात धरून चालावं, मग दहा पावलं मागून.

हरवेल या भीतीनं अशी कितीतरी मुलं उंबऱ्याच्या आतच मोठी होतात. कोपऱ्यावरच्या दुकानातून काडेपेटी घेऊन एकट्यानं परतणं आपल्याला किरकोळ वाटतं. त्या मुलाच्या हाती मात्र त्यानं सारी गल्ली येते.